ब्लॅकचा भाव न देता फातोर्ड्याची मॅच कशी पाहावी

सावंतवाडी, बांदा, वेंगुर्ला, कुडाळ या पट्ट्यातल्या माणसाला व्यावसायिक फुटबॉलचं सगळ्यात जवळचं मैदान म्हणजे मडगावचं फातोर्डा. गोव्याचा क्लब एफसी गोवा, त्याची साधी लीगची मॅच असेल तर तिकिटाची चिंता नसते, जागा शिल्लक राहतात. अडतं ते फायनलला, केरळचा संघ केरळा ब्लास्टर्स येतो तेव्हा, किंवा आशियाई स्पर्धेत बाहेरचा बडा संघ येतो तेव्हा. ऑनलाइन विक्री उघडते, बघता बघता हाऊसफुल होते, आणि मग तीच तिकिटं इन्स्टाग्रामवर नि व्हॉट्सॲपच्या ग्रुपांवर दुप्पट-तिप्पट भावाने फिरू लागतात. हा वरचा पैसा बहुतेकांना द्यावा लागतो तो घाईपोटी. विक्रीच्या दिवशी तयारी नसते आणि तिकीट हुकल्यावर थांबायचा धीर नसतो. दोन्हींवर उपाय आहेत.

भाव कशामुळे चढलाय ते आधी बघा

एका खेळाडूच्या नावावर भाव चढला असेल तर हात आखडता घ्या. ऑगस्ट २०२३ मध्ये एएफसी चॅम्पियन्स लीगच्या, म्हणजे आशियाई क्लबांच्या स्पर्धेच्या ड्रॉमध्ये (गट ठरवणाऱ्या सोडतीत) मुंबई सिटीच्या गटात सौदीची अल हिलाल आली. नेमार तेव्हा तिच्याकडे होता, तो भारतात खेळणार म्हणून सगळीकडे हवा झाली. ऑक्टोबरमध्ये ब्राझीलकडून खेळताना त्याचा गुडघा गेला. ६ नोव्हेंबरला नवी मुंबईच्या डी. वाय. पाटील मैदानावर अल हिलाल २-० ने जिंकून गेली, नेमार नव्हताच.

दोन वर्षांनी फातोर्ड्याला तेच घडलं. १३ ऑगस्ट २०२५ ला एफसी गोवाने ओमानच्या अल सीबला २-१ ने हरवून चॅम्पियन्स लीग टू या दुसऱ्या पायरीच्या आशियाई स्पर्धेत जागा मिळवली, आणि ड्रॉमध्ये समोर आली रोनाल्डोची अल नासर. २२ ऑक्टोबरला संघ मडगावात आला, रोनाल्डो आला नाही. अल नासर २-१ ने जिंकली. गोव्याचा गोल ब्रायसन फर्नांडिसने केला आणि त्या गोलाला मैदान दणाणून उठलं. मॅच पाहायला गेलेल्यांचे पैसे वसूल झाले. फक्त रोनाल्डोसाठी चढा भाव मोजलेल्यांना मात्र दाद मागायला जागा नव्हती, कारण तिकिटावर संघाचं नाव असतं, खेळाडूचं नसतं.

यामागचं कारणही समजून घ्या. आशियाई स्पर्धेच्या गटातल्या मॅचेस आठवड्याच्या मधल्या वारी असतात, पुढे-मागे संघाला आपल्या देशातली लीग खेळायची असते. लांबच्या प्रवासाला, त्यातही गटात कमकुवत समजल्या जाणाऱ्या संघाविरुद्ध, वयस्क बड्या खेळाडूला नेणं प्रशिक्षकाला परवडत नाही. म्हणून संघाची यादी जाहीर होऊन खेळाडू गोव्यात उतरल्याची बातमी येईपर्यंत छापील किमतीवर एक रुपयाही चढवू नका. बातमी बहुधा आदल्या दिवशी कळते.

प्रतिस्पर्ध्याच्या पाठीराख्यांमुळे चढलेला भाव वेगळा. तो खरा असतो. २० मार्च २०२२ ला इंडियन सुपर लीगची (आयएसएल) फायनल फातोर्ड्याला झाली, हैदराबाद विरुद्ध केरळा ब्लास्टर्स. कोकण रेल्वेने नि रस्त्याने केरळातून इतके लोक आले की स्टँड पिवळे झाले होते. अशा मॅचला शेवटपर्यंत भाव उतरेल याची खात्री देता येत नाही, त्यामुळे पहिल्या विक्रीतच तिकीट काढणं भाग आहे.

विक्रीच्या दिवशी

तारीख आणि वेळ क्लबच्या अधिकृत पानावर येते. तिकिटाचा दुवा तिथूनच उघडा. गूगलवर शोधलं की वरच्या जाहिरातींत फेरविक्रीची संकेतस्थळं येतात, ती दिसायला अगदी अधिकृत वाटतात आणि तिकडचा भाव पहिल्या दिवसापासून चढा असतो. सीझन तिकीटवाल्यांना आणि सदस्यांना बहुधा आधी विक्री खुली होते. वर्षाला चार-पाच मॅचेस बघणार असाल तर सीझन तिकिटाचा हिशेब करून बघा. मोठ्या मॅचला लागणारी धावपळ त्यातच वाचते.

आदल्या दिवशी एवढं करून ठेवा. ज्या ॲपवर विक्री आहे तिथे खातं उघडा, मोबाईल नंबर आणि ईमेल पडताळून घ्या, लॉग-इन करून ठेवा. कार्डावर ऑनलाइन व्यवहार चालू आहेत का ते बँकेच्या ॲपमध्ये बघा. नवीन फोनवर यूपीआय चालू केलं असेल तर पहिल्या २४ तासांत ५,००० रुपयांचीच मर्यादा असते. चौघांची तिकिटं काढताना नेमकं तिथे अडतं आणि पैसे भरायची मुदत संपून निवडलेल्या जागा सुटतात. मैदानाचा नकाशा बघून दोन स्टँड ठरवून ठेवा, पहिली पसंती आणि दुसरी. विक्री चालू झाल्यावर ग्रुपवर ‘ईस्ट घेऊ की वेस्ट’ विचारत बसलात तर दोन्ही जातात.

आपल्याकडची खरी अडचण रेंजची. डोंगराआडच्या वाडीत ओटीपी यायला दोन-तीन मिनिटं लागतात आणि तेवढ्यात पान संपतं. त्या दिवशी बाजारपेठेत, फायबर असलेल्या कोणाच्या तरी घरी किंवा दुकानात बसा. सिमवाला फोन रेंज असलेल्या जागी हवा, ओटीपी त्याच्यावर येणार. वीज गेली की वायफाय जातं, म्हणून दुसऱ्या कंपनीच्या सिमवर डेटा तयार ठेवा. चौघं जाणार असाल तर चौघांनी चार ठिकाणांहून प्रयत्न करावा, पण ज्याला आधी मिळेल त्याने लगेच फोन करून बाकीच्यांना थांबवावं. नाहीतर आठ-दहा तिकिटं होतात आणि जादाची विकायला आपणच बाजारात उभे राहतो.

रांगेचं पान आलं की ते रिफ्रेश करू नका, नंबर मागे जातो. एकाच खात्याने तीन-चार खिडक्या उघडल्या तरी कधी कधी सगळ्याच बंद पडतात. हाऊसफुल दिसल्यावरही पंधरा-वीस मिनिटं पान सोडू नका. ज्यांचे पैसे भरले गेले नाहीत त्यांच्या जागा परत विक्रीत येतात, एकेक, दोन-दोन अशा. चार जागा एकत्र शोधणाऱ्याला त्या दिसतच नाहीत, दोन-दोन शोधा.

हाऊसफुल झाल्यावर

मैदानातली सगळी तिकिटं एकदम विक्रीला येत नाहीत. प्रायोजक, संघटना, सरकारी खाती, पाहुणा संघ, सुरक्षेसाठी राखलेले कोपरे असा वाटा बाजूला असतो, आणि त्यातला न लागणारा भाग मॅचच्या आधीच्या दोन-तीन दिवसांत सोडला जातो. त्या दिवसांत सकाळ-संध्याकाळ अधिकृत पान बघा. मैदानाजवळ तिकीट खिडकी उघडणार असल्याचं क्लब जाहीर करतो तेव्हा मडगावातल्या ओळखीच्या माणसाला सकाळी पाठवणं हा सगळ्यात स्वस्त मार्ग आहे.

फेरविक्रीचा भाव साधारण असा फिरतो. हाऊसफुल जाहीर झालं त्या रात्री आणि दुसऱ्या दिवशी तो सगळ्यात वर असतो, कारण हुकलेले सगळे त्याच वेळी शोधत असतात. मधल्या आठवड्यात तो तिथेच अडकून राहतो. खरेदी फार होत नसते, विकणारे फक्त आकडे लावून बसलेले असतात. फेरविक्रीच्या संकेतस्थळावर दिसणारा आकडा हा मागितलेला भाव असतो, त्या भावाने तिकीट खपलंय असा त्याचा अर्थ नाही. मॅचच्या आदल्या दिवसापासून ज्यांचं जाणं रद्द झालंय अशी माणसं येतात आणि भाव खाली यायला लागतो. मॅचच्या दिवशी, संघाची अकरा नावं जाहीर झाल्यावर, म्हणजे खेळ सुरू होण्याआधीच्या तासाभरात, दलालाच्या हातातल्या तिकिटाला फार थोडा वेळ उरलेला असतो. तेव्हा छापील किमतीत, कधी त्याहून कमीतही तिकीट मिळतं.

पण सावंतवाडीहून तेवढ्या भरवशावर निघावं का? लीगच्या मॅचला निघावं, फायनलला नाही. मध्यम मार्ग असा की आदल्या दिवशी संध्याकाळपर्यंत थांबायचं आणि आपली वरची मर्यादा आधीच कागदावर लिहून ठेवायची. लीगच्या मॅचला छापील किंमत अधिक सुविधा शुल्क, त्याच्या वर काही नाही. फायनलला फार तर दीडपट. त्याच्या पुढचा भाव मागणाऱ्याला सरळ नाही म्हणा आणि गावात मोठ्या पडद्यावर मॅच बघा.

दुसऱ्याकडून घ्यायचंच झालं तर

ग्रुपवर येणारा निरोप साधारण असा असतो: ‘भाऊ २ तिकिटं आहेत, ईस्ट अप्पर, मित्राचा प्लॅन कॅन्सल. अर्जंट. फक्त जीपे, आधी पेमेंट मग पीडीएफ.’ सोबत क्यूआर कोडवर बोट ठेवलेला तिकिटाचा फोटो. यातली प्रत्येक गोष्ट खरी असू शकते, आणि तरीही तुमची फसवणूक होऊ शकते. कारण पीडीएफची हवी तेवढी नक्कल होते. एकच तिकीट पाच जणांना विकलं तर गेटवर ज्याचा कोड आधी स्कॅन होतो तो आत जातो, बाकीच्या चौघांना यंत्र ‘आधीच वापरलेलं’ दाखवतं. तिथला सुरक्षारक्षक काही करू शकत नाही, त्याच्या लेखी ते तिकीट आत गेलेलं असतं.

म्हणून पहिला प्रश्न विचारायचा तो हा: ॲपमधून माझ्या नंबरवर तिकीट हस्तांतरित होतं का? ती सोय असेल तर तिकीट विकणाऱ्याच्या खात्यातून निघून तुमच्या खात्यात येतं आणि जुना कोड बाद होतो. हीच एक खरी सुरक्षित पद्धत. ‘सोय आहे पण माझ्याकडे होत नाही’ म्हणणाऱ्याला सोडून द्या.

हस्तांतरण नसेल तर व्हिडिओ कॉल करा आणि त्याला त्याच वेळी ॲप उघडून ‘माझी बुकिंग’मध्ये जायला सांगा. स्क्रीनशॉट मान्य करू नका. बुकिंगचं नाव, तारीख, स्टँड, गेट, रांग, जागेचा नंबर आणि मोजलेली रक्कम त्याने वाचून दाखवावी. तो नंबर मैदानाच्या नकाशाशी ताडून बघा. बनावट तिकिटात चूक बहुधा इथेच सापडते: गेट एका बाजूचं आणि स्टँड दुसऱ्या बाजूचा, किंवा त्या स्टँडमध्ये नसलेली रांग. मोजलेली रक्कम दिसली की छापील किंमतही कळते आणि घासाघीस सोपी होते.

पैसे गेटवर द्या. विकणाऱ्याला मैदानाबाहेर बोलवा, त्याच्याबरोबर रांगेत उभे राहा, कोड स्कॅन होऊन हिरवं झालं की तिथेच यूपीआय करा. तो दुसऱ्या तिकिटावर आत येणार असेल तर हे अगदी सहज जमतं. ज्याची अडचण खरी असते तो तयार होतो. जो ‘आधी अर्धे तरी टाक’ म्हणतो त्याच्याकडे तिकीट असेलही, पण जोखीम तुमच्या बाजूला ढकलली जाते. आणि पैसे ‘परत करण्यासाठी’ किंवा ‘मिळवण्यासाठी’ कोणी यूपीआय पिन टाकायला सांगितला तर फोन ठेवा. पिन पैसे देताना लागतो, घेताना कधीच लागत नाही.

काही ठिकाणी ऑनलाइन बुकिंगची पावती खिडकीवर दाखवून छापील तिकीट घ्यावं लागतं आणि तिथे बुकिंग करणाऱ्याचं ओळखपत्र बघतात. अशा मॅचला दुसऱ्याची पावती विकत घेऊन उपयोग नाही, हातात छापील तिकीट येईपर्यंत पैसे देऊ नका. ‘विक्रीसाठी नाही’ असं छापलेला प्रायोजकाचा पास तर घेऊच नका. तो रद्द झाला तर तक्रार कोणाकडे करणार?

चढ्या भावाविरुद्ध पोलिसांत जाऊन काही होईल अशी आशा ठेवू नका. मैफली-सामन्यांच्या ऑनलाइन तिकिटांच्या काळ्या बाजारावर नियम करावेत म्हणून कोल्डप्लेच्या कार्यक्रमाच्या तिकीटविक्रीनंतर मुंबई उच्च न्यायालयात जनहित याचिका झाली होती. जानेवारी २०२५ मध्ये न्यायालयाने ती फेटाळली, धोरण ठरवणं सरकारचं नि विधिमंडळाचं काम आहे असं म्हणून. फसवणूक मात्र स्पष्ट गुन्हा आहे. पैसे गेले आणि तिकीट आलं नाही किंवा बनावट निघालं तर लगेच सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर, १९३० वर फोन करा, नंतर सायबर गुन्ह्यांच्या राष्ट्रीय पोर्टलवर तक्रार भरा. व्यवहाराचा यूटीआर (संदर्भ) नंबर, समोरच्याचा यूपीआय आयडी, चॅट आणि फोन नंबर जपून ठेवा. पहिल्या काही तासांत कळवलं तर पैसे पुढच्या खात्यात अडवता येतात. मॅच संपेपर्यंत थांबलात तर ते कधीच काढून घेतलेले असतात. अधिकृत कंपनीने मॅच रद्द होऊनही परतावा दिला नाही तर ग्राहक हेल्पलाइन १९१५.

जाण्या-येण्याचा खर्च तिकिटात धरा

सावंतवाडी ते मडगाव रस्त्याने नव्वद-शंभर किलोमीटर. पाच जणांच्या गाडीला जाऊन-येऊन तेरा-चौदा लिटर पेट्रोल धरा, पत्रादेवी ओलांडून गोव्यात भरलं तर लिटरमागे पैसे वाचतात. माणशी अडीच-तीनशेत काम होतं. आता समजा ५०० रुपयांचं तिकीट १,५०० ला घेतलं, तर माणशी हजार रुपये वर गेले. म्हणजे तेवढ्यात लीगच्या आणखी एका मॅचचं तिकीट नि पेट्रोल दोन्ही निघालं असतं, तेही जेवणासकट. हा हिशेब ग्रुपवर टाकला की अर्धे लोक आपसूक शांत होतात.

रेल्वेने जायचं तर जाणं सोपं, येणं कठीण. सकाळी मुंबईहून सुटणारी जनशताब्दी दुपारी मडगावला पोचते, रत्नागिरी-कणकवलीकरांना ती सोयीची. मांडवी संध्याकाळ उलटून पोचते, तिचा उपयोग नाही. परतीची कोकणकन्या मॅच सुरू व्हायच्या आधीच मडगावहून निघून गेलेली असते. साडेसातची मॅच साडेनऊच्या आसपास संपते, फायनल असेल तर जादा वेळ आणि पेनल्टी धरा. ७ डिसेंबर २०२५ ची सुपर कप फायनल १२० मिनिटं ०-० राहिली आणि एफसी गोवाने ईस्ट बंगालला पेनल्टीवर ६-५ ने हरवलं. त्या दिवशी रात्रीच्या गाडीचं तिकीट हातात धरून बसलेल्याला ते सगळं सोडून उठावं लागलं असतं. रेल्वेचं आरक्षण ६० दिवस आधी उघडतं, मॅचचं वेळापत्रक आलं की ते आधी बघा. रेल्वेचं तिकीटही दलालाकडून घेऊ नका. तिथे कायदा कडक आहे, रेल्वे अधिनियमाच्या कलम १४३ खाली बेकायदा तिकीट-धंद्याला तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते, आणि पकडलेल्या दलालाची तिकिटं रद्द झाली तर प्रवासी फलाटावरच राहतो.

दुचाकीने जाणाऱ्यांनी हेल्मेटचा विचार आधी करावा. बहुतेक मैदानांवर हेल्मेट, बॅग, पाण्याची बाटली, पॉवर बँक आत नेऊ देत नाहीत. पॉवर बँक बाहेर राहिली आणि फोन संपला तर क्यूआर कोडही गेला. तिकिटाची एक प्रत छापून खिशात ठेवा, ॲपमधलाच सारखा बदलणारा कोड लागणार असेल तर फोन गेटवर येईपर्यंत विमान मोडवर ठेवा.

मुंबईत राहणाऱ्या कोकणवासीयांसाठी मुंबई सिटीचं अंधेरीचं मैदान मेट्रोच्या आझाद नगर स्थानकाजवळ आहे. ते फातोर्ड्यापेक्षा बरंच लहान, त्यामुळे मोठ्या मॅचला हाऊसफुल फार लवकर होतं. पण तिथे मॅचच्या दिवशीपर्यंत थांबणं परवडतं, कारण तिकीट नाही मिळालं तर लोकलने घरी जाता येतं.

परदेशातली मॅच

खेड, दापोली, मंडणगड, श्रीवर्धनकडची कितीतरी घरं आखातात कामाला आहेत, आणि तिकडे गेल्यावर मॅच बघायचं मनात येतंच. तिथल्या लीगच्या मॅचेस क्लबच्या अधिकृत विक्रीतून काढा. बड्या परदेशी खेळाडूला बघायचं असेल तर तो आपल्याकडे येण्याची वाट बघण्यापेक्षा त्याच्या घरच्या मैदानावर बघणं जास्त भरवशाचं.

इंग्लंडमध्ये १९९४ च्या कायद्याच्या कलम १६६ नुसार फुटबॉलचं तिकीट परवानगीशिवाय विकणं गुन्हा आहे. तिथे क्लबची स्वतःची अदलाबदलीची सोय असते, सदस्यत्व घेऊन तिच्यातून छापील किमतीच्या आसपास तिकीट मिळतं. बाहेरून घेतलेलं तिकीट क्लबने बाद केलं तर विमानाचा खर्चही पाण्यात. २०२६ च्या विश्वचषकात फिफाने स्वतःच फेरविक्रीचा बाजार उघडला आणि विकणारा व घेणारा दोघांकडून १५ टक्के घेतले. ३०० डॉलरला लावलेल्या तिकिटाला घेणाऱ्याने ३४५ द्यायचे, विकणाऱ्याच्या हाती २५५ येणार, मधले ९० फिफाचे. त्यावर आपल्या कार्डाचं परकीय चलनाचं शुल्क वेगळं. अधिकृत म्हटल्यावर तिकीट खरं असतं, स्वस्त असतंच असं नाही.

तुमच्याकडेच तिकीट उरलं तर

आधी ॲपमध्ये रद्द करण्याची किंवा हस्तांतराची सोय आहे का बघा. सुविधा शुल्क बहुधा परत मिळत नाही, ते धरून बसू नका. सोय नसेल तर ओळखीच्या ग्रुपवर छापील किंमत स्पष्ट लिहून टाका: स्टँड, जागेची संख्या, मोजलेली रक्कम, गेटवर किती वाजता भेटणार. क्यूआर कोडचा फोटो मात्र कुठेही टाकू नका, झाकूनसुद्धा नाही. बोट थोडं सरकलेलं असेल तर कोडचा उरलेला भाग वाचता येतो आणि तुमच्या जागेवर दुसरा कोणी जाऊन बसतो.